शेतासाठी कॅमेरा निवडताना

(डाळिंब व द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पेरणी, खते, पाणी आणि फवारणी या विषयांवर आपण नेहमीच ऐकता. आज मी जी वस्तू घेऊन उभा आहे ती अवजारांच्या दुकानात मिळत नाही. तरीही बागायतदाराच्या कामात तिचा उपयोग चाकू-कात्रीइतकाच होऊ लागला आहे. ही वस्तू म्हणजे कॅमेरा. पानावरचा डाग, शेंड्यातली कीड, फळावरची चीर यांचे फोटो रोज आमच्या विभागाकडे येतात. त्यावरून आम्ही सल्ला देतो आणि त्या सल्ल्यावर आपण औषधाचा खर्च करता. म्हणून फोटो कशाने काढला, याला महत्त्व आहे.

अनेक शेतकरी गट आता गटाच्या पैशातून कॅमेरा घेण्याचा विचार करतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. भिंग बदलता येणारा मोठा व्यावसायिक मिररलेस कॅमेरा घ्यावा, की पाण्यात भिजला, हातातून पडला तरी चालणारा लहान कॅमेरा घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा चुकीचे दिले आहे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे पटेल.

माझी चूक

चार वर्षांपूर्वी डाळिंब उत्पादकांचा एक गट माझ्याकडे आला. वीस सभासदांची वर्गणी जमलेली होती. प्रयोगाच्या प्लॉटचे फोटो मी स्वतः मिररलेस कॅमेऱ्याने काढत असे आणि त्याच्या चित्रांवर खूश होतो. मी त्यांना तोच कॅमेरा आणि सोबत जवळून फोटो घेण्याचे मॅक्रो भिंग सुचविले. खर्च बराच झाला. कॅमेरा आला, त्याची पूजा झाली आणि तो अध्यक्षांच्या कपाटात गेला. एवढी महागाची वस्तू चिखलात कोण नेणार?

पुढच्या मृग बहरात ऑगस्टमध्ये झड लागली. एका सभासदाच्या बागेत पानांवर आणि फळांवर डाग दिसले. पाऊस चालू असल्याने कॅमेरा कपाटातून निघालाच नाही. ओल्या हाताने मोबाइलवर काढलेले दोन अस्पष्ट फोटो संध्याकाळी माझ्याकडे आले. डाग आहेत एवढेच त्यात कळत होते. ते तेल्याचे की बुरशीचे, हे सांगता येत नव्हते. मी नमुना घेऊन यायला सांगितले. नमुना यायला चार दिवस लागले आणि तो तेल्या निघाला. त्या चार दिवसांत ओल्या बागेतून माणसे फिरत होती आणि पावसाच्या थेंबांबरोबर रोग झाडावरून झाडावर जात होता.

चांगला फोटो असता तर ती बाग वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. पण तेल्याच्या फळावर डागाला पडणारी इंग्रजी 'एल' किंवा 'वाय' आकाराची चीर आणि उजेडाकडे धरलेल्या पानातला तेलकट, पारदर्शक डाग मला त्याच संध्याकाळी दिसला असता. चार दिवस हाती आले असते. त्याच पावसाळ्यात बंद कपाटातल्या त्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशीही वाढली. गटाच्या पैशाचे दोन्हीकडून नुकसान झाले आणि सल्ला माझा होता.

मोठ्या कॅमेऱ्याचे बळ कशात आहे?

कॅमेऱ्यात चित्र टिपणारा जो भाग असतो त्याला सेन्सर म्हणतात. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असतो. लहान जलरोधक कॅमेऱ्यात तो साधारण ६ मि.मी. लांब व साडेचार मि.मी. रुंद असतो. क्षेत्रफळ काढले तर फरक सुमारे ३० पटींचा येतो. जेवढे क्षेत्र मोठे तेवढा प्रकाश जास्त गोळा होतो. म्हणून सायंकाळी, शेडमध्ये किंवा पॅकहाऊसमध्ये मोठ्या कॅमेऱ्याचे चित्र स्वच्छ येते, लहान कॅमेऱ्याचे दाणेदार होते. मोठा फलक, माहितीपुस्तिका किंवा मालाच्या खोक्यावरचे चित्र छापायचे असेल, तर मोठ्या कॅमेऱ्याला तोड नाही.

दुसरा फायदा अंतराचा. १०० मि.मी.च्या आसपासचे मॅक्रो भिंग लावले तर वीतभर अंतरावरून कीटक मोठा दिसतो. मधमाशी, ढालकिडा किंवा फूलपाखरू न बिचकता टिपता येते. लहान कॅमेरा मात्र अगदी जवळ न्यावा लागतो. त्यामुळे त्याची सावली पानावर पडते आणि किडा उडून जातो.

आता याची दुसरी बाजू. मोठ्या कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो घेताना खोली फार कमी मिळते. भिंगाचे छिद्र एफ-८ वर ठेवले आणि किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा घेतला, तर स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. वाऱ्याने पान किंचित हलले की किड्याचे डोके स्पष्ट येते आणि शेपूट धूसर होते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेच पाहा. ही अळी भारतात २०१८ साली प्रथम आढळली. तिची ओळख डोक्यावरील उलट्या 'वाय'ने आणि शेपटीकडच्या भागावर चौकोनात मांडलेल्या चार काळ्या ठिपक्यांनी पटते. दोन्ही टोके स्पष्ट नसतील तर तो फोटो आमच्या उपयोगाचा नाही. ट्रायपॉड, सराव आणि सवड असेल तर मोठा कॅमेरा हे काम उत्तम करतो. भर पावसात, एका हाताने फांदी धरून ते काम होत नाही.

आणखी एक. अनेक मोठ्या कॅमेऱ्यांना पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असते. याचा अर्थ ते जलरोधक आहेत असा नव्हे. बांधावर भिंग बदलताना धूळ किंवा थेंब आत गेला की तो सेन्सरवर बसतो.

लहान जलरोधक कॅमेरा

या वर्गातील एक प्रसिद्ध कॅमेरा म्हणजे ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७. तो २०२३ साली बाजारात आला. त्याचा सेन्सर १२ मेगापिक्सेलचा आहे. निर्मात्याच्या सांगण्यानुसार तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि २.१ मीटर उंचीवरून पडला तरी टिकतो. आपल्याला १५ मीटर खोल जायचे नाही. पण शेततळ्यात पडला, चिखलात बुडाला किंवा फवारणीचे तुषार बसले तर तो स्वच्छ पाण्याने धुता येतो, हे आपल्या कामाचे.

त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे तो भिंगापासून एक सेंटीमीटर अंतरावरच्या वस्तूवरही फोकस होतो. फुलकिडे साधारण एक मिलिमीटरचे आणि लाल कोळी त्याच्या निम्म्याएवढी. दोन्ही अशा कॅमेऱ्यात ओळखू येतात. छिद्राचा आकडा तोच ठेवून तेवढेच दृश्य घेतले, तर लहान सेन्सरमध्ये स्पष्ट दिसणारा थर जास्त जाड मिळतो. मघाशी लहान सेन्सर हा दोष वाटला, तोच इथे गुण ठरतो. भिंग काढता येत नसल्याने आत धूळ जाण्याची भीतीही नाही.

त्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. कमी उजेडात चित्र खराब येते. दूरचा पक्षी किंवा रानडुक्कर त्यात नीट येत नाही. मोठ्या छपाईला ते चित्र पुरत नाही. त्याचे रबरी सील वर्षातून एकदा बदलून घ्यावे लागतात. बॅटरीचे झाकण नीट लागले नाही, किंवा सीलमध्ये एक केस अडकला, तरी पाणी आत जाते. या वर्गातील काही मॉडेल आपल्याकडच्या दुकानात सहज मिळत नाहीत. म्हणून घेण्यापूर्वी दुरुस्ती कोठे होईल, सील आणि बॅटरी कोठे मिळेल, हे विचारून घ्यावे.

मग मोबाइल काय वाईट?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न आला असेल. मोबाइल वाईट नाही. कोरड्या दिवशी, चांगल्या उजेडात पानाचा फोटो मोबाइलने उत्तम येतो आणि ज्याचे भागते त्याने वेगळा खर्च करू नये. ई-पीक पाहणीचे फोटो तर मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच घ्यावे लागतात, तेथे दुसरा कॅमेरा चालत नाही. पण ओल्या हाताला मोबाइलचा पडदा दाद देत नाही, आणि आपला मोबाइल कोणी दुसऱ्याच्या हाती देत नाही. गटाची वस्तू अशी हवी की ती ज्याची बाग त्याने, मजुराने किंवा मुलीनेही बिनधास्त उचलावी.

निवड कशी करावी?

खरेदीपूर्वी गटाच्या बैठकीत पुढील चार प्रश्न विचारावेत.

१. फोटो कशासाठी? रोग-कीड ओळखण्यासाठी असेल तर लहान जलरोधक कॅमेरा. माल विकण्यासाठी, छपाईसाठी किंवा चित्रफितीसाठी असेल तर मिररलेस.

२. कॅमेरा कोठे राहणार? शेडमधल्या खुंटीवर राहणार असेल तर जलरोधक. कपाटातच राहणार असेल तर कोणताच घेऊ नये.

३. कोण वापरणार? मोठ्या कॅमेऱ्याला सराव केलेला एक माणूस लागतो. तो माणूस आधी शोधावा, कॅमेरा नंतर.

४. एकूण खर्च किती? मिररलेसची किंमत म्हणजे केवळ कॅमेऱ्याची किंमत नव्हे. मॅक्रो भिंग, जादा बॅटरी, ट्रायपॉड आणि कोरडी पेटी धरून हिशेब करावा. जलरोधक कॅमेऱ्यात भिंग आलेलेच असते.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी तो पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा, जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा.

फोटो कसा पाठवावा?

कॅमेरा कोणताही असो, एका फोटोवरून निदान मागू नये. पहिला फोटो बागेचा, दुसरा पूर्ण झाडाचा, तिसरा पानाच्या वरच्या बाजूचा आणि चौथा खालच्या बाजूचा घ्यावा. द्राक्षावर केवडा असेल तर वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी कापसासारखी वाढ दिसते. भुरी राखेसारखी असते आणि पानाच्या दोन्ही बाजूंना येऊ शकते. खालच्या बाजूचा फोटो नसेल तर गल्लत होते. पाचवा फोटो अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान होतो आणि बारकावे जातात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. सोबत वाण, बहर किंवा छाटणीची तारीख, मागील दोन फवारण्या आणि पाऊस केव्हा झाला, हे लिहावे. इतके करूनही फोटो म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. शंका राहिली तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्यावाच लागतो. चांगल्या फोटोमुळे नमुना कोणाचा आणि किती तातडीने आणायचा, हे त्याच दिवशी ठरते.

शेवटी त्या गटाविषयी. गेल्या वर्षी त्यांनी एक लहान जलरोधक कॅमेरा घेतला. तो शेडमध्ये कात्र्यांच्या शेजारी दोरीने टांगलेला असतो. त्यावर चरे पडले आहेत, एका कोपऱ्याचा रंग गेला आहे. यंदाच्या पावसात त्याने काढलेले फोटो माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येत होते. मोठा कॅमेरा त्यांनी टाकून दिला नाही. भिंग साफ करून घेतले, आणि आता प्रतवारीनंतर फळांचे फोटो व्यापाऱ्यांना पाठविण्यासाठी तो वापरतात. ज्याचे काम त्याला मिळाले.

मी त्यांना चार वर्षांपूर्वी विचारायला हवे होते की पाऊस पडत असताना हा कॅमेरा बागेत कोण नेणार आहे. मी विचारले नाही. आपण दुकानात जाल तेव्हा हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याचे उत्तर मिळाले की कोणता कॅमेरा घ्यायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.