वैशाखातले वादळ आणि आडोशाचा मोह



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'चक्रीवादळ आणि आपली सिद्धता' हा विषय दिला, तेव्हा समुद्रापासून शंभरावर कोस दूर असलेल्या वाशीमकरांपुढे त्यावर काय बोलावे, असा प्रश्न मला पडला. चक्रीवादळाला नाव असते, नकाशावर वाट असते आणि वर्दीही असते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला भिडलेल्या 'निसर्ग' वादळाआधी सरकारी यंत्रणेला हजारो माणसे सुरक्षित स्थळी हलवता आली, ती या वर्दीमुळेच. आपले वादळ निनावी आहे. दुपारभर उकाड्याने जीव कासावीस व्हावा, चारच्या सुमारास क्षितिजावर काळे आभाळ चढावे, आणि वावरातल्या माणसाने घाम पुसून वर पाहावे तोच अंगाला एकदम गार वारा लागावा, एवढीच काय ती त्याची पूर्वसूचना! तापल्या भुईवरची दमट हवा कोसांच्या उंचीवर चढते, तेथे थंडावते आणि पाऊस-गारांसह खाली कोसळून चहूकडे फाकते. तो गार झोत हा त्या कोसळण्याचाच पहिला तडाखा होय. आपण मात्र त्याला 'बरं झालं, गारवा आला' म्हणून छाती उघडून सामोरे जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्याकडे वादळाइतकाच घात धावपळीत निवडलेला आडोसा करतो. ज्या जिल्ह्याचे आपण १ जुलै १९९८ पर्यंत रहिवासी होतो, त्या अकोल्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या सायंकाळी देवस्थानात जमलेले भाविक वादळी पावसामुळे टिनाच्या शेडखाली उभे होते. शेजारचा जुना कडुनिंब उन्मळून त्याच शेडवर पडला आणि सात जीव गेले. झाड आणि टिन, आपले दोन्ही नेहमीचे आश्रयदाते तेथे एकत्र आले होते.

टिनांचेच पाहा. गोठ्यावरची टिने उडू नयेत म्हणून आपण त्यांवर दगड ठेवतो, आणि दोन दगडांच्या मध्ये एखादे फुटके जातेही मांडतो. परंतु वारा छपरावरून वेगाने जाताना टिनाला वर ओढतो, आत शिरलेला वारा खालून रेटतो, आणि टिन उचलले गेले म्हणजे तो दगड खालच्या माणसाच्या डोक्यावर येतो. दगडाऐवजी आकडे आणि नटबोल्ट यांनी टिने दांड्यांना व दांडे खांबांना आवळावेत, हे काम फाल्गुनातच उरकावे.

विजेच्या बाबतीत चमक आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर गंजीवर ताडपत्री टाकण्याचे काम अर्धवट सोडून पक्क्या घरात जावे. कुटार भिजले तर भिजू द्यावे. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नये. घर जवळ नसेल, तर एकट्या झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विहिरीवरच्या पंपापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. पाय जुळवण्याचे मर्म असे की, पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि दोन पावलांतले अंतर जितके जास्त तितका प्रवाह शरीरातून अधिक जातो. बैलाचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब. म्हणून झाडाखाली बांधलेली जनावरे बळी पडतात. त्यांचे दावे तेवढे वेळेत सोडावे.

नुकसान झाल्यावर तहसीलदार येतील, तलाठी पंचनामा करतील, वीज पडून गेलेल्याच्या वारसांना शासनाचे चार लाख रुपयेही मिळतील. हा बंदोबस्त आवश्यकच आहे. पण पंचनाम्यात 'झाडाखाली उभा असता' हे शब्द येऊ न देणे तहसीलदारांच्या हाती नाही.

शेवटी चालकांना एक विनंती. ही व्याख्यानमाला वैशाखातल्या संध्याकाळी, वादळाच्याच वेळेस भरते. आपण सारे या क्षणी कापडी मंडपात, लोखंडी खांबांच्या आधाराने आणि एका प्रशस्त चिंचेच्या छायेत बसलो आहोत. उद्याचे व्याख्यान शाळेच्या पक्क्या इमारतीत ठेवावे.