उपग्रह जागा दाखवतो, जावं आपल्यालाच लागतं



फौजेत तोफ लपवायला तोडलेल्या फांद्या वापरतात, आणि त्या वेळेवर बदलाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धात अवरक्त रंगीत फिल्म आली ती यासाठीच. डोळ्याला हिरवी दिसणारी तोडलेली फांदी त्या फिल्मवर फिकी पडे, जिवंत झाडी मात्र लालभडक दिसे.

तीच युक्ती आज पिकाला लागू आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पान आजारलं की हा हिशेब बिघडतो. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. नाव भारी, गणित शाळेतलं.

आपल्याकडे याचा श्रीगणेशा केरळात झाला. १९७०च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटींच्या गटानं हेलिकॉप्टरमधून नारळबागांचे असे फोटो घेऊन रोगट झाडं शोधली. आज सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन दहा मीटरचा, म्हणजे एकरात चाळीसेक चौकोन.

निवृत्तीनंतर मी माळव्यात सोयाबीन करतो. एका वर्षी चित्रात शेताचा एक कोपरा फिका दिसला. शेजारी पंप घेऊन हजर! "कर्नल साब, दवा मार दूँ?" म्हटलं, आधी बघू. गेलो तर पाणी तुंबलेलं, मुळं काळी पडलेली. कीड नव्हतीच. चर खणला, फवारणीचा खर्च वाचला.

पुढच्या वर्षी मात्र फसलो. पावसाळ्यात तीन आठवडे ढग, चित्रात नुसता कापूस. मीही घरी बसून चित्राचीच वाट पाहिली, ही चूक माझी. आभाळ उघडलं तेव्हा पिवळा मोझॅक अर्ध्या शेतात पसरला होता. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो, पण त्याला पिकाची ठेवण आणि ओल कळते, पानाचा पिवळेपणा नाही. आणि हो, तणही चित्रात हिरवंगारच दिसतं!

आता ढगाळ दिवसांत मी दर चार दिवसांनी शेतात चक्कर मारतो. पान उलटून पांढरी माशी बघतो, रोगट रोप दिसलं की उपटतो. मोबाईल तेव्हा खिशातच असतो.