चौघेही कारागीर

आजचे बोलणे मुख्यतः शाळेतल्या गुरुजींशी आणि बाईंशी आहे. बाकीच्यांनी ऐकले तर आनंदच आहे, कारण ज्या मुलांबद्दल बोलायचे ती तुमच्याच घरातली आहेत.

भातुकली आपण सगळेच खेळलो आहोत. "मी आई, तू मामा, तू दुकानदार," एवढे ठरले की खापरीची भाकरी होते आणि पाल्याची भाजी. बहुरूपी दारात येतो, भारुडात सोंगे येतात. सोंग घेणे आपल्याला काही नवे नाही. आज ज्या खेळाची ओळख करून द्यायची, तो म्हणजे नियम लावलेली भातुकलीच आहे, फक्त मोठी माणसेही ती खेळतात.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि त्याचे नाव ठेवले 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. आपण घोंगडीवर बसू. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. सूत्रधार सांगतो, "पुढे अंधारी गुहा आहे, आतून आवाज येतो आहे. काय करता?" मग प्रत्येकाने आपापल्या सोंगाला शोभेल असे सांगायचे. काम सोपे असेल तर ते झालेच. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. येईल त्या आकड्यात आपल्या हातखंड्याचे दोनचार मिळवायचे. सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला तर काम फत्ते. इथे एकमेकांना हरवायचे नसते. सगळी टोळी एका बाजूला आणि अडचण दुसऱ्या बाजूला.

टोळीत साधारणपणे चार तऱ्हेची माणसे असतात : एक लढवय्या, एक चोरपावलांनी जाणारा, एक जखमा भरणारा पुजारी आणि एक मांत्रिक. पुढे २००४ साली कीथ बेकर यांनी कल्पिलेल्या 'एबेरॉन' नावाच्या जगात एक वेगळा पेशा आला. त्याला 'आर्टिफिसर' म्हणतात. आपण त्याला जादूचा कारागीर म्हणू. पांडवांची सभा बांधणारा मयासुर आठवा. जमीन पाण्यासारखी दिसावी आणि पाणी जमिनीसारखे, अशी त्याची करामत. हा त्याच कुळीतला. त्याचा एक नियम मला फार आवडतो : हातात हत्यार असल्याशिवाय त्याची जादू चालत नाही. नुसता मंत्र पुटपुटून भागत नाही. करवत, हातोडा, भाता, काहीतरी हाती हवेच.

आता समजा, टोळीतले चौघेही कारागीरच निघाले तर? तुम्ही म्हणाल, सात सुगरणी आणि भाजी अळणी! पण तसे होत नाही. कारागिरांतही निरनिराळ्या वाटा आहेत. एक चिलखत घडवतो आणि ते घालून पुढे उभा राहतो. दुसरा काढे उकळतो. फासा टाकल्यावर कळते की काढा जखम भरणारा उतरला की उडायला लावणारा. तिसरा छोटी तोफ करतो. ती आग ओकते, नाहीतर जवळच्या सोबत्यांना संरक्षण देते. चौथा पोलादाचा जिवंत प्राणी घडवतो. त्याचे रूप ज्याचे त्याने ठरवायचे. आपल्याकडच्या पोराला विचाराल तर तो बैलच करील.

पण या टोळीत एक खोच आहे, बरे का. सुरुवातीच्या पायऱ्यांवर कारागिराला चार जादूच्या वस्तूंची विद्या असते, पण एका वेळी दोनच वस्तूंत जादू भरता येते. तिसरीत भरली की पहिलीतली उतरते. शिवाय नवी जादू भरायची तर रात्रभर विसावा घ्यावा लागतो. केलेली वस्तू सोबत्याला देता येते. म्हणजे चौघांच्या मिळून आठ वस्तू. कोणी काय करायचे हे आधी बसून ठरवले नाही, तर फजिती ठरलेली.

ती फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या गावच्या हंगामी वसतिगृहात मी संध्याकाळी हा खेळ मांडत असे. दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मागे म्हातारी माणसे राहतात, आणि जी मुले आईबापांबरोबर जात नाहीत त्यांच्यासाठी अशी वसतिगृहे असतात. दिवस शाळेत जातो. संध्याकाळ मात्र मुलांना खायला उठते.

खेळाची जागा मी मुलांच्या ओळखीची घेतली : बीडजवळची खजाना बावडी. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या अमलात सलाबतखानाने ती बांधून घेतली, आणि बांधणारा राजा भास्कर होता असे सांगतात. दोन बोगद्यांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून बलगुजारच्या शेतीकडे जाते. तिचे पाणी कमीजास्त होत नाही असे लोक म्हणतात आणि नवल करतात. मी मुलांना म्हटले, "समजा, तिसऱ्या बोगद्यात मोठा दगड अडकला आणि खालचे मळे वाळू लागले. तुम्ही चौघे कारागीर. निघा!"

चौघांनीही घाईघाईने अंधारात दिसण्याचे जादूचे चष्मे केले. बोगद्यात शिरल्यावर दगड सगळ्यांना स्वच्छ दिसला, पण दोर कोणाजवळच नव्हता! तोफवाला म्हणाला, "उडवून टाकू." मी विचारले, "दगड फुटला तर वरचे छत कशावर राहील?" सगळे गप्प.

तेव्हा एक मुलगी बोलली. ती दोन हंगाम आईबापांबरोबर फडावर राहून आलेली होती, आणि अपूर्णांक येत नाहीत म्हणून मीच तिला मागच्या ओळीत बसवले होते. पोलादी बैलाचे सोंग तिचे होते. ती म्हणाली, "गुरुजी, आधी उतार कुठं हाय ते सांगा. दगड उताराच्या अंगानं ओढायचा." मग तिने दोघांना चष्म्यांतली जादू सोडायला लावली. टोळीने तिथेच रात्र काढली आणि सकाळी चढता दोर तयार केला. दोर कसा बांधायचा हेही तिने हातवारे करून दाखवले. ट्रॉलीत मोळ्या रचल्यावर वरून दोर आवळतात तसा पीळ देऊन.

मी आकडा ठरवला पंधरा. तिने चिठ्ठी काढली, आली सहाची. हातखंड्याचे चार मिळून दहाच झाले. दगड हलला, पण दोर निसटला. आता चिलखतवाला म्हणाला, "मी खांदा लावतो." सोबत्याने मदत केली की दोन चिठ्ठ्या काढून मोठी घ्यायची, असा नियम आहे. एक आली चारची, दुसरी तेराची. तेरा आणि चार, सतरा! त्या रात्री बलगुजारला पाणी गेले आणि मुले ओरडली ती शेजारच्या आळीत ऐकू आली.

मंडळी, मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ज्या पोरीला मी मागे टाकले होते, तिला उतार कळतो, ओझे कळते, गाठ कळते. उसाच्या पाचटाची कोपी उभी करता येते, बैलांना वाढे किती घालायचे ते ठाऊक असते. हे सारे ज्ञानच आहे, पण आपल्या प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही. लढवय्यांच्या टोळीत तिचा पाड लागला नसता. कारागिरांच्या टोळीत "हे कसे केले जाते?" हाच पहिला प्रश्न असतो, म्हणून ती पुढे आली. दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांक दोराच्या पिळांवरून शिकवायला घेतले. ते तिला एका दिवसात आले असे मी सांगणार नाही. पण तिची जागा मी बदलली.

आणखी एक गोष्ट. आपल्या गावगाड्यात सुताराचा मुलगा सुतार आणि लोहाराचा लोहार असे जन्मानेच ठरत आले. या खेळात कोणाही पोराने कोणतेही हत्यार उचलावे. मुलीने भाता फुंकावा आणि पाटलाच्या नातवाने चामडे शिवावे. सोंग संपल्यावर मुलांनी विचारलेच, "खरं का नाही असं?" उत्तराची तयारी गुरुजींनी ठेवावी.

खर्च काही नाही. वीस बाजूंचा फासा नसला तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या गाडग्यात घाला. काढलेली चिठ्ठी वाचून परत टाका. चार मुले, पाऊण तास. जादा मुले असतील तर दोघांत एक सोंग. प्रत्येकाला पाळीने विचारा, नाहीतर बोलकी पोरेच बोलत राहतात. जो आपले काम हत्याराचे नाव घेऊन नीट सांगेल, त्याचा आकडा थोडा सोपा करा. चिठ्ठी लहान आली तरी खेळ थांबवू नका. नवी अडचण घाला. आणि उत्तर तुम्ही सांगू नका. हे आपल्याला, शिक्षकांना, सगळ्यांत जड जाते!

या खेळाने कोयता सुटणार नाही, हे मला कळते. त्यासाठी शेताला पाणी आणि गावात काम हवे. पण पोर फडावरून परत येते तेव्हा त्याला "तुझे काय काय बुडाले?" असे विचारण्याआधी "तू काय काय करायला शिकलास?" असे विचारता येईल. येत्या हंगामात एक संध्याकाळ तेवढी काढून पाहा.