पंचविसाव्या वाढदिवसाचा वायदा

आज आम्ही इंग्लंडमधल्या एका भामटीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव व्हायोलेट चार्ल्सवर्थ. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण ऐकताना ओळखीची वाटेल.

व्हायोलेट साध्या घरातली. पण ती आणि तिची आई सांगायच्या, हिला मोठा वारसा मिळणार आहे, 25 वर्षं पूर्ण झाली की पैसा हातात. एवढ्या बोलण्यावर तिने दागिने, मोटारी उधारीवर घेतल्या. तिच्या प्रेमात पडलेल्या एका डॉक्टरने हजारो पौंड दिले. एका विधवेने तर आयुष्याची पुंजी दिली. वारशाचा कागद मात्र कोणी बघितला नाही. अंगावरचे दागिने आणि दारातली मोटार, हाच लोकांना पुरावा वाटला.

जानेवारी 1909 मध्ये तो वाढदिवस आला. त्याच्या आधीच वेल्सच्या समुद्रकाठी रात्री मोटारीला अपघात झाला. बहीण आणि ड्रायव्हर सुखरूप. व्हायोलेट कड्यावरून समुद्रात पडली म्हणे! शोध घेतला, पण प्रेत सापडेना. पोलिसांना संशय आला. थोड्याच दिवसांत बाई स्कॉटलंडमध्ये जिवंत सापडली.

पुढचं ऐका. तिला रंगमंचावर उभं केलं, आणि लोक तिकीट काढून तिला बघायला गेले! तिने लुबाडलेल्या विधवेकडे बघायला कोण गेलं असेल? शेवटी 1910 मध्ये डर्बीच्या कोर्टात मायलेकींना पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. ती पुढे तीन वर्षांवर आली.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही असे वायदे येतात. "जमिनीचे पैसे येणार आहेत, तेवढ्यापुरते दे. कुणाला सांगू नकोस." आपल्या गटात कर्ज चारचौघींसमोर मागतात, वहीत लिहितात, सह्या होतात. कुणाला वाटतं, घरच्याच बायका, कशाला एवढं? पण ती वही म्हणजे अविश्वास नव्हे. एकटीला जे विचारायला संकोच वाटतो, ते दहाजणी मिळून सहज विचारतात.

म्हणून पैसे देण्याआधी कागद मागा. आणि फसलेली बाई बोलू लागली, तर "तुला कळलं नाही का?" असं म्हणू नका. आधी तिच्याजवळ बसा, मग तिच्यासोबत पोलीस ठाण्यात चला. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, तिला नाही.