कारण नसलेली बाई

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथे आमच्या गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या तीन बैठकांत आपण या माडीवर भिंतीला चादर लावून तीन सिनेमे पाहिले. 'फँड्री', 'उंबरठा' आणि अमेरिकेतला 'वांडा'. तिसरा संपल्यावर जिन्यात जे भांडण झालं, त्यावर बोलायचं मी कबूल केलं होतं. मी सिनेमाची जाणकार नाही. पण भांडणात मीही होते.

'फँड्री'च्या वेळी भांडण झालं नाही. तो आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि २०१३ सालचा हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. गावकुसाबाहेरच्या जब्याला शाळेतल्या पोरांच्या देखत डुकरामागे धावावं लागतं. शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्यावर येतो. त्यानंतर माडीवर कुणी बोलेना. मग एरवी तोंड न उघडणारी आपली एक मैत्रीण म्हणाली, "पण डुकरं धरायची वेळ आली कशापायी? पोरीच्या हुंड्यापायीच ना?" मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता. जब्याची लाज मला दिसली होती. त्याच धुळीत, त्याच हसणाऱ्या नजरांसमोर त्याची आई आणि बहीण पण धावत होत्या, हे मी पाहिलं आणि पाहिलंच नाही.

'उंबरठा' १९८२ सालचा. जब्बार पटेल शिकले आपल्या सोलापुरात. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा हा सिनेमा आपल्यातल्या थोराड मंडळींनी तरुणपणीच पाहिलेला. सुलभा महाजन नवरा, सासर, लहान मुलगी यांना मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. सुलभा पुन्हा निघते. स्मिता पाटीलचा तो गाडीतला चेहरा पाहून आपण टाळ्या वाजवल्या. डोळेही पुसले.

आणि 'वांडा'ला?

"ही आई आहे का कोण आहे?" हे पहिलं वाक्य. दुसरं, "पुढं ढकल की गं, किती चालतीय ती!"

ज्यांचा सिनेमा चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेनसिल्व्हेनियातल्या कोळसाखाणीच्या मुलखातली ही बाई. कोर्टात घटस्फोटाच्या तारखेला उशिरा पोचते, तीही केसांना रोलर लावून. मुलं नवऱ्याकडेच बरी राहतील, असं न्यायाधीशाला सांगून मोकळी होते. शिवणकामाच्या कारखान्यात काम मागायला जाते तर तू फार हळू आहेस म्हणून नाही म्हणतात. (इथे मात्र आपल्या विडी वळणाऱ्या मैत्रिणी हसल्या. हजार विड्या वळून नेल्यावर त्यातल्या किती बाजूला काढतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको.) पुढे ती एका चोराबरोबर फिरते. तो तिला धड बोलत नाही, तिच्या कपड्यांवरून हिणवतो. ती त्याच्याही मागे जाते. शेवटी अनोळखी माणसांच्या गर्दीत नुसती बसून राहते. झालं.

हा सिनेमा बार्बरा लोडेनने १९७० साली काढला. लिहिला तिने, दिग्दर्शन तिचं, वांडाचं काम तिचंच. बँकदरोड्यात साथ दिलेल्या एका बाईने शिक्षा सुनावल्यावर न्यायाधीशाचे आभार मानले, अशी बातमी तिने वाचली होती. तुरुंगात जायला मिळालं म्हणून आभार! ही बाई कुठून आली असेल, या प्रश्नातून सिनेमा झाला. पैसे थोडे, माणसं चारच, सोळा मिलिमीटरची फिल्म. बहुतेक नट नवखे. व्हेनिसच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, पण तिथल्या काही स्त्रीवादी बायकांनाही वांडा आवडली नाही. इतकी निमूट बाई काय दाखवायची, असं त्यांना वाटलं. लोडेन १९८० साली कॅन्सरने गेली. मोठा सिनेमा तिचा हा एकच.

आता ते चालणं. कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून वांडा एका पांढऱ्या ठिपक्याएवढी चालत राहते आणि कॅमेरा तिला जवळ आणत नाही. हॉलिवूडने दोन सेकंदांत तिचा चेहरा दाखवून वाजंत्री लावली असती, म्हणजे आपल्याला लगेच कळलं असतं की दया करायची. लोडेन दया करू देत नाही. चालणाऱ्या बाईला जेवढा वेळ लागतो, तेवढा आपल्याकडून घेते. मलाही कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू! पण कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर मला सुलभा आठवली. तिच्याकडे शिक्षण होतं, काम होतं, ध्येय होतं. ती घर का सोडते, ते आपल्याला सांगता येतं. वांडाचं सांगता येत नाही. उंबरठा ओलांडणाऱ्या बाईकडे आपण कारण मागतो, आणि ते पटलं तरच टाळ्या वाजवतो.

जिन्यात मी सगळ्यांत जोरात बोलत होते, वांडाच्या बाजूने. घरी गेल्यावर झोप लागली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. मी अर्ज भरायला घेतला. मारतो का? नाही. पितो? नाही. दुसरी बाई? नाही. सासू? ती तर वारली. मग काय त्रास आहे? ती म्हणाली, "काही नाही ताई. नको झालंय." मी 'तक्रारीचे कारण' हा रकाना कोरा ठेवला, चहा पाजला आणि समजूत घालून तिला परत पाठवलं. रजिस्टरमध्ये 'समझोता' लिहिलं. ती पुन्हा आली नाही.

तो रकाना आजही आपल्या अर्जात आहे. तो ठेवायचा का, यावर चहानंतर बोलू. माझ्यावर रागवायचं असेल तर तेव्हाच रागवा. आणि ज्यांना सहाच्या बससाठी 'वांडा' अर्धवट सोडून जावं लागलं, त्यांच्यासाठी शेवटची वीस मिनिटं आज पुन्हा लावणार आहे. खिडक्या तेवढ्या कुणीतरी झाकून घ्या.