'बळी' : दिला कोणी, घेतला कोणी?



वर्तमानपत्र उघडले की आपण बातमी वाचतो, शब्द वाचत नाही. सकाळच्या चहाबरोबर तेवढी सवड कोणाला असते? आज मात्र एका शब्दापायी मी आपली थोडी सवड मागून घेणार आहे. शब्द आहे 'बळी'.

पहिल्या पानावर 'घाटात बस कोसळून सहा बळी', आतल्या पानावर 'पावसाने बळीराजा सुखावला' आणि शेवटच्या पानावर कोणा फिरकी गोलंदाजाचे 'पाच बळी'. कानपूरला १९५८ साली आपल्या सुभाष गुप्त्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ बळी घेतले. दिल्लीला १९९९ साली कुंबळ्यांनी पाकिस्तानचे दहाच्या दहा. हे बळी तंबूत परततात, चहा पितात, पुढच्या सामन्यात पुन्हा बॅट घेऊन उभे राहतात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

मूळ संस्कृतात बलि म्हणजे देवापुढे, भूतमात्रापुढे काढून ठेवलेला भाग. पुढे राजाला द्यावयाचा भागही बलिच झाला. अशोकाच्या लुंबिनीच्या स्तंभलेखात, येथे बुद्ध जन्मले म्हणून हे गाव बलीतून मुक्त केले, असे कोरलेले आहे. तेथे बली म्हणजे कर. बळीराजा निराळा. तो वामनाने पाताळात घातलेला दानशूर राजा. जोतीरावांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, त्याला शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुन्हा उभा केला. आता वर्तमानपत्रांनी ती पदवी सरसकट शेतकऱ्यालाच देऊन टाकली आहे. त्यालाही हरकत नाही. पण 'कर्जापायी बळीराजाचा बळी' असा मथळा दिसला की अंगावर काटा येतो. घरात प्रेत आहे आणि मथळ्यात कोटी!

आता या शब्दाची क्रियापदे पाहा. बळी जातो, बळी पडतो, बळी घेतला जातो आणि बळी दिला जातो. 'गेला' म्हटले की तो आपल्या पायांनी गेला. 'पडला' म्हटले की थोडा दोष त्याचाच. आमिषाला बळी पडतो, तसा. 'घेतला' म्हटले की घेणारा कोण? खड्डा, ऊन, विहीर, रेल्वेगाडी. खड्ड्यावर खटला भरता येत नाही. राहिले 'दिला'. देणारा मात्र माणूसच असावा लागतो, आणि नेमके हेच रूप बातमीत क्वचित भेटते. भेटते ते नरबळीच्या बातमीत. तेथे भगत सापडतो, सुरी सापडते. त्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली स्वतंत्र कायदाही केला.

त्याच २०१३ साली संसदेनेही एक कायदा केला. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा त्याने गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून अशा रीतीने मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. म्हणजे कायदा विचारतो, याला खाली उतरवला कोणी? आणि बातमी सांगते, 'गटाराने घेतले दोन बळी'. गटार जणू कोणी जागृत दैवत आहे, आणि त्याला अधूनमधून भूक लागते!

आपल्याच भाषेत याच्या शेजारी 'हुतात्मा' हा शब्द आहे. तोही यज्ञातलाच. पण तेथे आहुती देणारा आणि आहुती होणारा एकच. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलणाऱ्यांच्या चौकाला मुंबईने हुतात्मा चौक म्हटले, बळींचा चौक म्हटले नाही. गटारात उतरलेला मनुष्य हुतात्मा नव्हे. तो पोटासाठी उतरला होता. त्याला उगाच मोठा शब्द नको, साधा खरा शब्द पुरे.

मथळ्याला जागा थोडी असते, हे मला ठाऊक आहे. 'गटारात गुदमरून दोन कामगार ठार' याला दोन-चार अक्षरे जास्त लागतील, इतकेच. मग खालच्या ओळीत आपोआप पुढचे प्रश्न येतात : कंत्राट कोणाचे होते, मुकादम कोण होता, कंबरेला दोर आणि तोंडाला मुखवटा होता की नव्हता?