बाईचे नाव कोणत्या वहीत?

(पवनी, जि. भंडारा येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. नांगर धरलेला, बंडी हाकणारा सालदार. साल त्याचे ठरते, उचल त्याला मिळते, कागदावर अंगठा त्याचाच उठतो. मग त्याची बायको काय करते? ती पहाटे मालकाचा गोठा झाडते, शेण भरते, रोवण्याच्या दिवसांत पऱ्हे घेऊन सगळ्यांच्या आधी बांधीत उतरते. मालकाच्या घरी लग्न निघाले की आठ दिवस धान्य निवडायला, भांडी घासायला तीच. या कामाचा हिशेब मागितला तर उत्तर ठरलेले: ‘ते सालात आलंच की!’ या ‘सालात आलंच’बद्दल मला आज बोलायचे आहे.

आपला भाग मालगुजारीचा. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावाच्या मालकीचे हक्क मालगुजारांना दिले. मालगुजार सारा भरणार आणि गाव त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी ही व्यवस्था. ३१ मार्च १९५१ ला ती कायद्याने संपली, पण सीर आणि खुदकास्तीची, म्हणजे घरच्या वहिवाटीची जमीन त्यांच्याकडेच राहिली. तलावांना आपण अजूनही ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी. मालक माजी झाला तरी नाव उरले. त्या तलावांच्या पाळीवर टोपल्या वाहणाऱ्या बाया कोण होत्या, हे मात्र कुणाला सांगता येत नाही.

मालक आणि गडी या नात्यात बायको कशी ओढली जाते, हे सगळ्यात उघडपणे दिसले ते आपल्यापासून दूर, डहाणू-उंबरगावच्या वारली मुलखात. तिथे ‘लग्नगडी’ अशी पद्धतच होती. तरुण वारल्याने लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब मालकाच्या हातात. आणि ज्या मुलीशी लग्न झाले तीही त्या कर्जात आली. तिने कर्ज घेतलेले नाही, तिला कुणी विचारलेले नाही. अंगाची हळद उतरण्याआधी ती मालकाची नोकर झालेली असे. मालकाच्या घरात राबणाऱ्या बाईच्या अंगावर हात टाकायलाही मालकाला कुणाची भीती नव्हती. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याचा १९३९ चा अहवाल या गुलामगिरीबद्दल बोलतो. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुमच्यापैकी ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावेच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यात झरी गावी वारल्यांचा मेळावा भरला, आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. पण लग्नगडी सुटले ते सुटलेच.

आता थोडे दूर जाते, ऑस्ट्रेलियात. कारण तिथल्या एका गोष्टीने मला आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावले. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रज सरकारने सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिथे धाडले, त्यात २५ हजारांच्या आसपास बाया होत्या. यातले कितीतरी कैदी सरकार जमीनदारांना नोकर म्हणून वाटून देई. जमीनदाराने खाणे, कपडे, निवारा द्यायचा, मजुरी नाही. कायद्याने त्याला स्वतः फटके मारता येत नसत, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागे. पण मॅजिस्ट्रेट बहुधा शेजारचाच जमीनदार! बाया घरकामाला दिल्या जात. बाईला दिवस गेले की तिची रवानगी बायकांच्या ‘फॅक्टरी’त, म्हणजे कैदखान्यात, होई, आणि शिक्षा तिलाच. मालकाला कुणी विचारत नसे. १८३८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने ही पद्धत गुलामगिरीच्या जवळची ठरवली आणि पुढच्या काही वर्षांत न्यू साउथ वेल्समध्ये ती बंद झाली.

तुलना पुरती जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. ते कैदी होते, आपला सालदार गुन्हेगार नाही. त्यांची शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची. जन्मठेप सोडली तर तिला शेवट होता. कर्जाला तोही नाही. पण मला खटकली ती दुसरीच गोष्ट. त्या प्रत्येक कैदी बाईची सरकारी वहीत स्वतःची ओळ आहे: नाव, वय, गाव, कोणते काम येते, उंची किती, डोळे कोणत्या रंगाचे. तिच्यावर नजर ठेवण्यासाठीच ती ओळ लिहिली, प्रेमाने नव्हे. तरी त्या ओळीमुळे आज दोनशे वर्षांनी तिच्या पणत्या-खापरपणत्या तिला शोधून काढतात. आपल्या सालदाराच्या बायकोची ओळ कुठल्या वहीत आहे?

कायदा म्हणाल, तर तो आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत कर्जदाराने स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसामार्फत केलेले काम, असे स्पष्ट शब्द आहेत. म्हणजे ‘सालात आलंच’ हे कायद्याने केव्हाच ओळखलेले आहे. प्रत्येक सालदार वेठबिगार असतो असे मी म्हणत नाही. पण उचल घेतली म्हणून दुसरीकडे जाता येत नसेल, तर प्रश्न उभा राहतो. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरवली. आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर आहे, मजुरावर नाही.

पण अंमल? सुटका होते तेव्हा यादीत नाव चढते ते घरच्या पुरुषाचे. उसाच्या फडातही हेच. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाची उचल जाते नवऱ्याच्या हातात. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत सुटलेल्या पुरुषाला १ लाख आणि बाईला २ लाख रुपये आहेत. तिचे नाव यादीत नसेल तर हे २ लाख कुणाला मिळणार? त्यातही पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावरच, म्हणजे वर्षानुवर्षे थांबा. सुटकेनंतर लगेच मिळायची ती ३० हजारांपर्यंतची मदत. तीही एकाच्याच नावाने निघते.

जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असावी, असे कायदा म्हणतो. समितीत अनुसूचित जाती-जमातीचे तिघे हवेत, समाजकार्य करणारे दोघे हवेत. बाई हवीच, असे मात्र कुठे लिहिलेले नाही. ते आपण मागायचे.

तोवर एवढे करू. तुमच्या गावात अशी जोडी असेल तर एक अर्ज करू नका, दोन करा. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. तिच्या अर्जात तिचे काम लिहा: गोठा किती वर्षे झाडला, रोवणा किती हंगाम केला, मजुरी काय मिळाली. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.